रेसकारच्या एरोडायनॅमिक्समध्ये करिअर: काय शिकायचं, कसं दाखवायचं आणि मध्येच गाडं अडलं तर

रेसिंग टीमच्या एरो विभागात मुलाखतीला बसलात की एक प्रश्न या ना त्या रूपात येतोच: हा आकडा तुम्ही काढलात, पण तो किती चुकलेला असू शकतो? सीएफडीची, म्हणजे संगणकावर काढलेल्या हवेच्या प्रवाहाची, रंगीत चित्रं प्रत्येकाकडे असतात, पण या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारा उमेदवार विरळा. म्हणून शिकताना, कामाचे नमुने दाखवणारी फाइल तयार करताना आणि अडचणीच्या काळातही हाच प्रश्न समोर ठेवावा.

आधी हातानं गणित

डाउनफोर्स, म्हणजे हवा गाडीला खाली दाबते ते बल, काढायचा तर हवेच्या घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गानं गुणायचं आणि त्याला डाउनफोर्स गुणांक व क्षेत्रफळ यांच्या गुणाकारानं गुणायचं. या शेवटच्या गुणाकाराला सगळे 'सीएलए' म्हणतात. घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर, सीएलए ४ आणि वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर धरला, तर सुमारे ५५० न्यूटन मिळतात. म्हणजे गाडीवर ५६ किलोंचं ओझं ठेवल्यासारखं. वेग दुप्पट केला की हे चौपट होतं. हा हिशेब डोक्यात पक्का हवा, कारण सॉफ्टवेअरनं वेडावाकडा आकडा दिला तर तो इथेच पकडला जातो.

बरेच विद्यार्थी प्रवाह, सीमास्तर (पृष्ठभागालगतचा मंदावलेला हवेचा थर) आणि भोवरे यांत रमतात आणि वाहनाच्या गतिशास्त्राकडे पाठ फिरवतात. ही चूक महागात पडते. समजा, नव्या मागच्या विंगनं (गाडीला खाली दाबणाऱ्या पंखानं) १०० न्यूटन डाउनफोर्स वाढवला. ती मागच्या आसापासून ०.३ मीटर मागे आहे आणि दोन आसांमधलं अंतर १.५ मीटर. मग मागच्या चाकांवर १०० नव्हे, १२० न्यूटन येतात आणि पुढची चाकं २० न्यूटननं हलकी होतात. त्यात विंगचा ड्रॅग, म्हणजे हवेचा मागे ओढणारा रोध, ४० न्यूटन आणि तो जमिनीपासून १ मीटर उंचीवर असला, तर पुढचे आणखी सुमारे २७ न्यूटन मागे जातात. एकूण डाउनफोर्स वाढला, पण पुढचा भाग ४७ न्यूटननं हलका झाला. वळणावर गाडीचं नाक बाहेर पळतं, ड्रायव्हर वेग कमी करतो आणि तुमची 'सुधारलेली' गाडी हळू धावते. कुठलाही बदल सुचवताना पुढे-मागे किती टक्के भार पडतो, ते आधी लिहा.

जमिनीजवळच्या प्रवाहाला वेगळा वेळ द्या. पुढची विंग जमिनीजवळ आणत गेलं की डाउनफोर्स वाढतो, पण साधारण कॉर्डच्या (विंगच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या) एक दशांश उंचीपर्यंतच. त्याखाली गेलं की प्रवाह विंगच्या पृष्ठभागापासून सुटू लागतो आणि वाढलेला डाउनफोर्स हातचा जातो. फ्लोअरचंही, म्हणजे गाडीच्या तळाचंही, असंच. लोटस ७८ या फॉर्म्युला वन गाडीनं १९७७ मध्ये गाडीच्या तळाकडून डाउनफोर्स मिळवून दाखवला, लोटस ७९ नं १९७८ चं विजेतेपद घेतलं आणि १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला. २०२२ मध्ये ही कल्पना फॉर्म्युला वनमध्ये परतली, तेव्हा सरळ रस्त्यावर गाड्या वरखाली उसळू लागल्या: तळ जमिनीजवळ ओढला जातो, प्रवाह गुदमरतो, डाउनफोर्स पडतो, गाडी वर येते आणि पुन्हा ओढली जाते.

सीएफडी शिकण्याचा क्रम

पहिल्याच दिवशी आख्खी गाडी मेश करायला, म्हणजे तिच्याभोवतीची हवा छोट्या पेशींत विभागायला, घेऊ नका. आधी एक्सफॉइल या प्रोग्रॅममध्ये साधा एअरफॉइल (पंखाचा छेद) फिरवून कोन वाढल्यावर काय होतं ते बघा. मग लिनक्सवर ओपनफोम हे सीएफडी सॉफ्टवेअर चालवायला शिका. ते मोफत आहे. त्यानंतर अहमद बॉडी घ्या: १०४४ मिलिमीटर लांबीचा, मागे उतार असलेला साधा ठोकळा. त्याची मोजमापं १९८४ पासून प्रसिद्ध आहेत, म्हणून स्वतःचं उत्तर ताडून बघता येतं.

उतार ३५ अंशांचा असेल तर प्रवाह उतारावरून पूर्ण सुटतो आणि साध्या स्थिर रॅन्स पद्धतीनंही (प्रवाहातल्या खळबळीची सरासरी धरणाऱ्या) बऱ्यापैकी उत्तर येतं. २५ अंशांवर तो सुटतो आणि पुन्हा चिकटतो, शिवाय दोन्ही कडांना जोरकस भोवरे असतात. तिथे ही पद्धत सहसा फसते. आधी ३५ अंश करा, मग २५. दुसऱ्या वेळी उत्तर का चुकलं हे दोन परिच्छेदांत लिहिता आलं, तर त्या लिखाणाला फाइलमध्ये पहिली जागा द्या.

मेश तीन करा. प्रत्येक वेळी पेशीची लांबी १.३ नं कमी केली तर पेशींची संख्या साधारण २.२ पट होते. तिन्हींचे आकडे एका दिशेनं सरकत जाऊन फरक कमी होत गेला, तरच त्यांच्यावर भरवसा ठेवा. एकाच मेशवरच्या उत्तराला किंमत नाही. भिंतीजवळच्या पहिल्या पेशीचा वाय-प्लस (भिंतीपासूनच्या अंतराचं एककरहित माप) एक तर १ च्या आसपास ठेवा, नाहीतर वॉल फंक्शनसाठी (भिंतीलगतच्या प्रवाहाच्या तयार सूत्रासाठी) ३० च्या वर. ५ ते ३० च्या मधला पट्टा टाळा. तिथे दोन्ही गृहितकं लंगडी पडतात, आणि घाईत केलेली मेश बहुतेक तिथेच सापडते.

जमीन स्थिर ठेवणं ही नेहमीची चूक. प्रत्यक्षात गाडीखालचा रस्ता हवेच्याच वेगानं मागे सरकतो. संगणकात तो थांबवला की जमिनीवर खोटा सीमास्तर जमतो आणि पुढच्या विंगचा व फ्लोअरचा आकडा बिघडतो. चाकं फिरती ठेवा. टायर जमिनीला टेकतो तिथे सुईसारख्या टोकदार पेशी तयार होतात, म्हणून तिथे छोटा चौथरा जोडतात. आणि रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) खाली गेले म्हणजे काम झालं असं नाही. गणिताच्या शेवटच्या ५०० ते १००० फेऱ्यांतल्या बलांची सरासरी घ्या आणि ती किती वरखाली होते तेही शेजारी लिहा.

मोजमापाला हात घाला

विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात चांगली शाळा म्हणजे फॉर्म्युला स्टुडंट, विद्यार्थी स्वतः रेसकार बनवून उतरतात ती स्पर्धा. तिथे तुम्ही स्वतः काढलेली विंग स्वतः बनवता, बसवता आणि ती वाकते तेव्हा का वाकली हेही शोधता. सुरुवातीला कार्बनची कापडं कापायचं आणि साचे घासायचं काम आलं तर नाक मुरडू नका. विंगची मागची कड किती पातळ बनू शकते, दोन भागांमधली फट किती काटेकोर ठेवता येते, हे हात घातल्याशिवाय कळत नाही. ड्रॉइंगमधली १० मिलिमीटरची फट गाडीवर ७ झाली, तर सीएफडीतला आकडा वेगळ्याच विंगचा असतो.

प्रवाह बघायला लोकरीचे तुकडे पुरतात. साधारण ५ ते ७ सेंटीमीटर लांबीचे, एका टोकाला टेपनं चिकटवलेले, रांगेत समान अंतरावर. गाडीवर कॅमेरा बसवा आणि ठरलेल्या वेगाला चित्रण करा. तुकडा शांत मागे वाहत असेल तर प्रवाह चिकटलेला आहे. थरथरत उलटा फिरत असेल तर सुटलेला. मग तीच जागा सीएफडीत बघा.

डाउनफोर्स मोजायचा स्वस्त मार्ग म्हणजे डॅम्परवरचे (धक्के शोषणाऱ्या भागावरचे) पोटेन्शिओमीटर, म्हणजे तो किती दबला हे मोजणारे सेन्सर. चारही चाकांपाशी ताठरता प्रत्येकी २५ न्यूटन प्रति मिलिमीटर असेल, तर मघाच्या ५५० न्यूटननी गाडी सुमारे ५.५ मिलिमीटर खाली बसते. म्हणजे १ मिलिमीटरची चूक झाली की १०० न्यूटन चुकले. डॅम्परमधलं घर्षण एवढी चूक सहज करतं, म्हणून पुशरॉडवर (चाकाचा भार सस्पेन्शनकडे नेणाऱ्या दांड्यावर) स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणाऱ्या पट्ट्या, लावता आले तर उत्तम.

एकाच दिशेनं धावून निष्कर्ष काढू नका. सेकंदाला १५ मीटर वेगानं जाताना समोरून ३ मीटरचा वारा असेल तर डाउनफोर्स ४४ टक्क्यांनी जास्त दिसतो, आणि परतताना ३६ टक्क्यांनी कमी. दोन्हींची सरासरीसुद्धा ४ टक्क्यांनी जास्तच येते. वाऱ्याची नोंद नसलेल्या चाचणीतून कुठली विंग सरस हे ठरवताच येत नाही.

फाइल, पदं आणि दारं

फाइल ८ ते १० पानांची ठेवा. त्यात दोन-तीनच कामं, पण पूर्ण: प्रश्न काय होता, काय गृहीत धरलं, मेश कशी केली, मोजमाप काय आलं, दोन्हींत फरक किती आणि का. जिथे कारण कळलं नाही तिथे तसं लिहा. टीमच्या कामात तुमचा वाटा नेमका कोणता, हे स्पष्ट हवं. मुलाखत घेणारे तिथेच खोदतात. आधीच्या नोकरीतली गोपनीय चित्रं चुकूनही दाखवू नका. दुसऱ्याची गुपितं उघड करणारा उद्या आपलीही करेल, हे त्यांना दिसतं.

एरोडायनॅमिसिस्ट हे एकच पद नाही. सीएफडी पद्धती विकसित करणारे, विंड टनेलचे (मॉडेलवर हवा सोडून मोजमाप करायच्या बोगद्याचे) तंत्रज्ञ, मॉडेलचे डिझायनर, ट्रॅकवरच्या प्रेशरचा डेटा तपासणारे, पायथनमध्ये साधनं लिहिणारे असे सगळे एकाच विभागात असतात. सरफेस मॉडेलिंगवर किंवा प्रोग्रॅमिंगवर हात बसलेला माणूस त्या दारानं आत येऊन पुढे सरकू शकतो. शिक्षणासाठी एरोस्पेस किंवा मेकॅनिकलची पदवी चालते. साउथॅम्प्टन आणि क्रॅनफिल्ड ही विद्यापीठं या क्षेत्रात जुनी नावं आहेत. तरी पदवीच्या नावापेक्षा मधल्या वर्षाची प्लेसमेंट, म्हणजे कंपनीत काम करत काढलेलं वर्ष, जास्त दारं उघडते, म्हणून जागा कधी निघतात यावर वर्षभर आधीपासून नजर ठेवा.

टीमला नेमका विचार करणारी माणसं का हवीत, याचं उत्तर नियमांत आहे. २०२२ ते २०२५ च्या फॉर्म्युला वन नियमांत साधारण आठ आठवड्यांच्या टप्प्याला विंड टनेलच्या ३२० फेऱ्या हा पायाभूत आकडा होता. विजेत्या टीमला त्याच्या ७० टक्के, म्हणजे २२४, आणि दहाव्या क्रमांकाच्या टीमला ११५ टक्के, म्हणजे ३६८. मॉडेल जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं, हवेचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ५० मीटर. इतक्या मोजक्या फेऱ्यांत उगाच करून बघू म्हणणारा माणूस परवडत नाही.

गाडं अडतं तेव्हा

१९९० मध्ये लेटन हाउस या फॉर्म्युला वन टीमच्या दोन्ही गाड्या मेक्सिकोच्या शर्यतीला पात्रसुद्धा ठरल्या नाहीत. तांत्रिक बाजू सांभाळणारे ॲड्रियन न्यूई यांनी शोधलं तेव्हा कळलं, की ते वापरत असलेल्या विंड टनेलची जमीन वाकलेली होती आणि त्यामुळे आकडे खोटे येत होते. दुसऱ्या टनेलमध्ये काम करून तळ बदलला आणि लगेच पुढच्या, फ्रान्सच्या शर्यतीत इव्हान कपेली दुसरा आला. त्याच सुमारास न्यूईंची नोकरी गेली होती. ते विल्यम्स टीममध्ये गेले आणि १९९२ चं विजेतेपद विल्यम्सनं मिळवलं. दोष शोधण्याची त्यांची पद्धत नोकरीबरोबर गेली नव्हती.

नकार आला की आधी तो कुठल्या पायरीवर आला ते नोंदवा. अर्जाला उत्तरच नाही, तर दोष सीव्हीत किंवा कामाच्या परवान्याच्या अटीत शोधा. ऑनलाइन चाचणीत अडकलात तर मूलभूत गणित कच्चं आहे. तांत्रिक मुलाखतीपर्यंत पोहोचून नकार आला, तर कोणत्या प्रश्नाला अडखळलात ते त्याच संध्याकाळी लिहून काढा, आठवड्यानं आठवणार नाही. तीनही ठिकाणी एकच उपाय, म्हणजे आणखी अर्ज, करत राहिलात तर तोच नकार परत येतो.

एखादं वर्ष नापास झालात किंवा आजारपणानं खंड पडला, तर तो लपवू नका आणि त्यावर पानही खर्च करू नका. एक ओळ पुरते: अमुक काळ प्रकृतीमुळे थांबलो, आता पूर्णवेळ काम करू शकतो. लगेच पुढच्या ओळीत परतल्यावर केलेलं काम. आजाराचा तपशील सांगायला तुम्ही बांधील नाही.

फॉर्म्युला वनचं दार बंद असेल तर जीटी, फॉर्म्युला ४, शर्यतीच्या सायकली, पवनचक्क्या, रोजच्या गाड्यांचा ड्रॅग कमी करणारे विभाग हे सगळं त्याच विषयाचं काम आहे. पैशाची ओढाताण असेल तेव्हा तर आधी अशी नोकरी धरावी, पोटाला चिमटा घेऊन वर्षानुवर्षं वाट बघू नये. आठवड्यातले तीन-चार तास मात्र स्वतःच्या एका प्रश्नासाठी राखून ठेवा.

या क्षेत्रात रात्री जागण्याचं कौतुक फार होतं, आणि ते घातक आहे. थकलेला माणूस संदर्भ क्षेत्रफळ चुकीचं टाकतो आणि आठवडाभर त्याच आकड्यावर इमारत रचतो. दोन आठवडे झोप लागत नाही, कामात मन बसत नाही, भूक मेली आहे, असं दिसलं तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा आणि टीममधल्या एका माणसाला स्पष्ट सांगून कामाचा वाटा कमी करून घ्या. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात सांगण्यापेक्षा महिनाभर आधी सांगितलेलं सगळ्यांना सोयीचं जातं.

खंडानंतर परतताना नवं मोठं काम अंगावर घेऊ नका. जुनी अहमद बॉडीची ३५ अंशांची केस कोऱ्या फोल्डरमध्ये पुन्हा बांधा, आधीच्या फाइल न उघडता. आकडा पूर्वीच्या उत्तराच्या एक-दोन टक्क्यांत आला तर हात शाबूत आहे, पुढच्या कामाला लागा. नाही आला तर क्रमानं तपासा: आधी संदर्भ क्षेत्रफळ आणि घनता, मग जमिनीचा वेग, मग वाय-प्लस आणि शेवटी मेश.