थंडीत ट्रॅक्टरचा सेल्फ फिरेना: जंपर केबल निवडताना, जोडताना आणि दुरुस्त करताना

डिसेंबर-जानेवारीत निफाड-दिंडोरी पट्ट्यात पहाटेचा पारा एक आकड्यावर येतो. द्राक्षबागेत भुरी रोगावरची फवारणी थांबवून चालत नाही, आणि नेमका तेव्हाच ब्लोअरचा ट्रॅक्टर 'टक' करून गप्प बसतो. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिन ऑईल घट्ट होते. म्हणजे बॅटरीची ताकद कमी होते त्याच वेळी सेल्फवरचा, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरवरचा, भार वाढतो. दिवाळीत चालून गेलेली अर्धमेली बॅटरी म्हणूनच आता दगा देते.

दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीवरून जोड देणारी जंपर केबल शोधण्याआधी हेडलाइट लावून सेल्फ मारून पाहा. दिवे विझायला आले तर दोष बॅटरीत किंवा टर्मिनलवर आहे. दिवे लख्ख राहिले आणि सेल्फ गप्प बसला तर स्विच, सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा विद्युत स्विच) किंवा क्लचचा सेफ्टी स्विच तपासा. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही, तर डिझेल लाइनमध्ये हवा शिरली आहे का ते बघा. या दोन्ही वेळी जंपर केबलचा काही उपयोग नाही. बॅटरीवर मल्टिमीटर लावल्यास 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जवळपास निम्मी, 11.9 च्या खाली म्हणजे रिकामी. चार्ज करूनही 10.5 च्या आसपासच अडकत असेल तर बहुधा एक सेल गेला आहे, आता नवी बॅटरीच घ्यावी लागेल. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर दिसला तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर सोडवा. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवून जुन्या ब्रशने घासा, सोड्याचे पाणी झाकणाच्या छिद्रांतून आत जाऊ देऊ नका. पुसून, कोरडे करून, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावा. पुष्कळदा एवढ्यावरच ट्रॅक्टर सुरू होतो.

केबल कोणती घ्यावी

पाकिटावर छापलेल्या '500 अँपिअर', '1000 अँपिअर' या आकड्यांवर जाऊ नका. विचारायचे दोनच प्रश्न: तांबे किती स्क्वेअर एमएम, आणि ते खरोखर तांबेच आहे का. हिशोब सोपा आहे. 35 ते 50 एचपीच्या डिझेल ट्रॅक्टरचा सेल्फ फिरताना साधारण 250 अँपिअर ओढतो असे धरा. 3 मीटरच्या जोडीत जाऊन-येऊन 6 मीटर तार होते. ही तार 10 स्क्वेअर एमएम असेल तर 2.6 व्होल्ट वाटेतच जिरतात आणि सेल्फपर्यंत पोचते ते पुरत नाही. 25 मध्ये नुकसान 1 व्होल्टवर येते, 35 मध्ये पाऊण व्होल्टवर. मोटारसायकल आणि छोट्या कारसाठी विकली जाणारी बारीक केबल ट्रॅक्टरला म्हणूनच कामाची नाही. 20-25 एचपीच्या बागेतल्या ट्रॅक्टरला 25 चालेल, त्यावर 35 घ्यावी. लांबी 3 मीटर पुरते, कारण लांबी वाढली की नुकसानही तेवढेच वाढते.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल बरीच मिळते. तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो आणि वाकवून-वाकवून तारा लवकर तुटतात. एक तार ब्लेडने खरवडा; आत पांढरी दिसली तर परत द्या. दुसरी परीक्षा तराजूवर होते. 35 स्क्वेअर एमएमच्या 6 मीटर केबलमध्ये नुसते तांबेच सुमारे 1.9 किलो असते, 25 मध्ये 1.3 किलो. चिमट्यांसह अख्खी जोडी किलोभराचीही भरत नसेल तर पाकिटावर काहीही छापलेले असो, ती घेऊ नका.

आमचा सल्ला असा की केबल घरीच बांधावी. वेल्डिंगच्या दुकानातून 35 ची तांब्याची वेल्डिंग केबल 6 मीटर घ्या, अॅल्युमिनियमचीही मिळते म्हणून तांब्याची असे स्पष्ट सांगा. तिच्या तारा बारीक असतात, रबर थंडीतही लवचीक राहते. त्याच मापाचे चार तांब्याचे लग (केबलच्या टोकाला बसणाऱ्या टोप्या) घेऊन क्रिम्पिंग मशीनवर दाबून घ्या. हातोडीने ठोकलेला लग काही महिन्यांत सैल होतो, आणि नुसत्या डाग दिलेल्या सांध्याचे कथील तापल्यावर वितळू शकते.

चिमट्याकडे विशेष लक्ष द्या. स्वस्त चिमट्यात केबल एकाच जबड्याला जोडलेली असते, दुसऱ्या जबड्याला करंट बिजागरीच्या खिळ्यातून मिळतो. तिथेच तो तापतो. दोन्ही जबडे तांब्याच्या विणलेल्या पट्टीने किंवा वेल्डिंग केबलच्या तुकड्याने जोडून घ्या. जुन्या केबलमध्ये एवढा एकच बदल केला तरी फरक कळतो.

जोडण्याचा क्रम

आधी दोन्ही वाहने 12 व्होल्टची आहेत याची खात्री करा. उसाच्या ट्रकवर आणि टिपरवर बहुधा दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात, त्यावरून ट्रॅक्टरला जोड देऊ नका. वाहने एकमेकांना टेकू देऊ नका. दोन्ही न्यूट्रलमध्ये, ब्रेक लावून, पीटीओ (ब्लोअरसारखी यंत्रे फिरवणारा मागचा शाफ्ट) आणि दिवे बंद ठेवा. बॅटरीतले पाणी प्लेटांच्या खाली गेले असेल तर प्लेटा बुडतील इतपत डिस्टिल्ड वॉटर घाला.

लाल चिमटा बंद बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरा लाल चालू बॅटरीच्या पॉझिटिव्हला. मग काळा चालू बॅटरीच्या निगेटिव्हला. शेवटचा काळा चिमटा बंद ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावायचा नाही. तो बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या लोखंडाला लावा. शेवटच्या जोडणीत ठिणगी पडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत 4 टक्के झाला तरी पेट घेतो. फार जुन्या ट्रॅक्टरमध्ये पॉझिटिव्ह अर्थिंग असू शकते, तिथे हा क्रम चालत नाही, म्हणून बॉडीला कोणती वायर गेली आहे ते आधी पाहा. 2023 पासून 50 एचपीवरील नव्या ट्रॅक्टरना धुराच्या प्रदूषणाचे ट्रेम-4 निकष लागू झाले. अशा संगणकीय नियंत्रणाच्या इंजिनात मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच केबल लावा.

चालू वाहन मध्यम रेसवर 5 ते 10 मिनिटे ठेवा, म्हणजे बंद बॅटरीत थोडी धुगधुगी येते. मग सीटवर बसूनच सेल्फ मारा, एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये दोन मिनिटे थांबा. जमिनीवर उभे राहून सोलेनॉइडवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर सुरू करण्याची सवय कळकळीने सोडा. गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर थेट अंगावर येतो. सुरू झाल्यावर केबल उलट्या क्रमाने काढा आणि लगेच प्रत्येक चिमट्याजवळ हात नेऊन पाहा. जिथे चटका जाणवेल तो सांधा खराब आहे.

जुनी केबल वाचवताना

टोकाशी तार हिरवी-काळी पडली असेल तर लखलखीत तांबे दिसेपर्यंत केबल मागे कापा. रबराखाली गंज फार आत गेलेला असतो, कधीकधी वीतभर कापावे लागते. थोडेच काळवंडले असेल तर व्हिनेगर आणि मीठात बुडवून, सोड्याच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून नवा लग दाबा. चिमट्याचे दात पॉलिश पेपरने हलके घासा. कानस मारली तर तांब्याचा मुलामा निघून खालचे लोखंड उघडे पडते. स्प्रिंग ढिली झालेला चिमटा बदला. रबराला बारीक चीर असेल तर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा. उंदराने कुरतडून तारा तुटल्या असतील तर तो भागच कापून टाका.

तपासणीसाठी सेल्फ फिरत असताना एकाच केबलच्या दोन टोकांच्या चिमट्यांवर मल्टिमीटर लावा. 3 मीटरच्या 35 च्या केबलवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर सांधे पुन्हा करा.

केबल खताच्या खोलीत ठेवू नका. युरियातून सुटणारा अमोनिया आणि ओलसर खताचे क्षार तांबे खातात. मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून कोरड्या खोलीत खुंटीला टांगा, टूलबॉक्समध्ये पान्यांखाली दाबू नका.

जोड देऊन सुरू झालेली बॅटरी तासभर फवारणीत भरत नाही. त्याच संध्याकाळी चार्जरवर लावा: 80 अँपिअर-अवरच्या बॅटरीला 8 अँपिअर, 10 ते 12 तास, झाकणे सैल ठेवून आणि खोलीची खिडकी उघडी ठेवून. सकाळी चार्जर काढून दोन-तीन तासांनी व्होल्ट मोजा, 12.4 च्या खाली आली असेल तर पुढच्या फवारणीआधी बॅटरी दुकानात लोड टेस्टला न्या.