पडवीत पिवळा, रांधपात पांढरा

पावसाळ्यात पडवीतला दिवा लावला की पाखरं थेट ताटात. तिथला पांढरा एलईडी काढून पिवळसर लावा. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन छापलेलं असतं; हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा. पाखरं पूर्ण थांबत नाहीत, पण जेवण तरी होतं.

१. रांधपात, मासे कापायच्या जागी ४००० ते ६५०० केल्विन.
२. वॅटपेक्षा ल्युमेन, म्हणजे उजेड किती पडतो ते माप, बघा. जुन्या ६० वॅटच्या बल्बाएवढ्या उजेडाला साधारण ८०० पुरतात.
३. खळ्यात आयपी ६५ फिटिंगच (धूळ-पाणी आत न जाणारं) घ्या, महाग पडलं तरी. खाऱ्या हवेत साध्या होल्डरच्या पिना गंजतात आणि आपण उगाच बल्बाला दोष देतो.

काचेच्या बंद गोळ्यात साधा एलईडी तापून लवकर जातो. तिथे बंद फिटिंगला चालणारा, कमी वॅटचा घ्या.