एअर रायफलचा ग्रुप अचानक फाटला? रेग्युलेटर उघडायच्या आधी या चुका टाळा

दहा मीटरवर ग्रुप फाटला, म्हणजे एकाच जागी बसणारे शॉट पसरायला लागले, की बहुतेक पोरं दोनच गोष्टी करतात, एक तर साइटचे (नेम धरायच्या भागाचे) क्लिक फिरवत बसतात, नाहीतर थेट रेग्युलेटरवर (हवेचा दाब ठरावीक ठेवणारा भाग) आळ घेऊन ॲलन की शोधायला लागतात. पीसीपी रायफलमध्ये, म्हणजे हवेचा सिलेंडर लावून चालते ती, रेग्युलेटर हा शेवटचा संशयित आहे. त्याच्या आधी हवा, छर्रे आणि स्क्रू बघायचे, आणि तेही एका वेळी एकच गोष्ट बदलून. छर्रे पण बदलले, साइट पण फिरवली, स्क्रू पण आवळले तर मग नेमकं कशाने सुधारलं ते कोणाला कळणार?

सगळ्यात जास्त गंमत हवेत असते. मॅच रायफलचा सिलेंडर साधारण २०० बारला भरतात आणि रेग्युलेटर तो दाब उतरवून एका ठरावीक पातळीवर धरून ठेवतो, त्यामुळे सिलेंडर अर्धा असला तरी छर्रा त्याच वेगाने सुटतो. पण सिलेंडरमधलाच दाब त्या पातळीच्या खाली गेला की रेग्युलेटर बिचारा काय करणार, वेग उतरत जातो. आता हिशोब बघा, छर्रा १७५ मीटर प्रति सेकंदाने सुटला तर दहा मीटर जाईपर्यंत साधारण १६ मिलिमीटर खाली येतो, तोच १६५ ला आला की १८. फरक फक्त २ मिलिमीटर, पण रायफलच्या टार्गेटवर दोन रिंगांमधलं अंतरच अडीच मिलिमीटर आहे आणि मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर! म्हणजे जवळजवळ एक रिंग गेली. प्रॅक्टिसच्या शेवटी शॉट हळूहळू खाली सरकत असतील तर आधी मॅनोमीटर (सिलेंडरचा दाब दाखवणारा काटा) बघा. इथे लोक क्लिक वर घेतात, दुसऱ्या दिवशी सिलेंडर फुल भरून येतात, शॉट वर जातात, मग क्लिक परत खाली, आणि आठवडाभर हाच खेळ.

सिलेंडर घाईत भरू नका. पटापट भरला की हवा तापते, काटा २०० दाखवतो, तासाभराने थंड झाल्यावर कमी दाखवतो आणि मग "लीक आहे लीक आहे" म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज. खरंच लीक आहे का ते बघायचं तर भरून थंड होऊ द्या, आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. उतरला असेल तर जोडाच्या ठिकाणी साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की ओ-रिंग (जोडातली रबरी रिंग) बदलायची. नवीन ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, तेही नावापुरतं. शिवणमशीनचं तेल अजिबात नको, जास्त दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. आणि कोणी वेल्डिंगवाल्याकडून किंवा हॉस्पिटलच्या सिलेंडरमधून ऑक्सिजन भरून आणू म्हणाला तर त्याला रेंजवर येऊ देऊ नका, सरळ स्फोटाचं काम आहे ते.

हँडपंप वापरत असाल तर पावसाळ्यात, त्यात मुंबई-कोकणात असाल तर जास्तच, मध्येमध्ये थांबून पंपाचा ब्लीड स्क्रू उघडून पाणी काढून टाका. ते पाणी सिलेंडरमार्गे रेग्युलेटरमध्ये जातं आणि मग खरंच रेग्युलेटर बिघडतो. सिलेंडरवरची तारीख पण वाचा, बहुतेकांची मुदत बनवल्यापासून १० वर्षं असते. सेकंडहँड रायफल घेताना हे कोणी बघत नाही आणि मग मॅचला इक्विपमेंट कंट्रोलमध्ये (साहित्य तपासणीत) अडकतात.

छर्ऱ्यांचं म्हणाल तर ४.५ मिलिमीटर सगळेच, पण हेड साइज (छर्ऱ्याच्या पुढच्या भागाचा व्यास) ४.४९, ४.५०, ४.५१ अशा वेगवेगळ्या येतात आणि प्रत्येक बॅरलची आवड वेगळी. दोन डब्यांतले उरलेले छर्रे एकात ओतायचे नाहीत. डबा पडला असेल तर स्कर्ट (मागची पोकळ कड) दबलेले छर्रे बाजूला काढा, एखादाच शॉट कारण नसताना आठात जातो तो बऱ्याचदा यांच्यामुळे.

स्क्रू मात्र एका मिनिटाचं काम आहे. ट्रेनने, बाइकवरून रायफल नेली की ॲक्शनचे (बॅरल आणि यंत्रणा दस्त्याला धरणारे) स्क्रू आणि मागची साइट सैल होते. टॉर्क रेंचने (ठरावीक जोरावर आवळायचा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळा, अंदाजाने जोर लावून नाही.

बॅरल सारखी साफ करायची सवय पण सोडा. साफ करायचीच तर फेल्टच्या गोळ्यांनी, ब्रीचच्या (छर्रा भरायच्या) बाजूने, आणि स्टेट मॅचच्या आदल्या संध्याकाळी तर नकोच, कारण साफ केल्यावर पहिले काही शॉट भटकतात.

एवढं सगळं बघूनही थोडा वेळ थांबल्यावरचा पहिला शॉट दर वेळी वेगळ्याच जागी जात असेल आणि पुढचे ठीक बसत असतील, तर आता रेग्युलेटरवर संशय घ्या. क्रोनोग्राफवर (छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) तो पहिला शॉट इतरांपेक्षा वेगवान दिसला की थांबलेल्या वेळात रेग्युलेटरच्या पुढे दाब हळूहळू चढतोय हे नक्की. तरीही घरी उघडू नका, सिलेंडर काढला तरी आत दाबाची हवा असू शकते. आर्मररकडे (रायफल दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या आणि सोबत चिठ्ठी द्या, सिलेंडर किती बारवर होता, कुठले छर्रे, क्रोनोचे आकडे काय आले, नाहीतर तो पण आधी ओ-रिंग बदलून परत पाठवेल.