स्वभाव बदललेल्या माणसाला वेडा ठरवण्याआधी या चुका टाळा

स्मृतिभ्रंश म्हटलं की नावं विसरणारे, घराची वाट चुकणारे सत्तरीपुढचे आजोबा डोळ्यांसमोर येतात. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया तसा नसतो. तो बहुतेकदा ४५ ते ६५ या वयात, म्हणजे वावर आणि घर दोन्ही अंगावर असतानाच सुरू होतो. मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजत जातो, त्यामुळे आधी वागणं किंवा बोलणं बिघडतं. आठवण बराच काळ शाबूत राहते.

इथंच पहिली चूक होते. “त्याले सारं आठवते ना, मंग बिमारी कायची?” असं म्हणून घरचे गप्प बसतात. सोयाबीनचा भाव, मुलीच्या लग्नाची तारीख, सगळं तो बरोबर सांगतो. पण तेरवीच्या पंगतीत शेजारच्या पानातला लाडू उचलतो, मयतीत हसतो, परक्या बाईला तोंडाला येईल ते बोलतो. बायको तापानं फणफणली तरी विचारत नाही. ज्या बैलजोडीवर जीव होता तिच्याकडं पोळ्यालाही बघत नाही. गूळ-साखर खाताना थांबत नाही, ठरल्या वेळी त्याच पानठेल्यापर्यंत चकरा मारतो. यातलं एखादं कुणाच्याही बाबतीत घडेल. पण पूर्वी नसलेल्या अशा तीन-चार गोष्टी एकत्र दिसू लागल्या आणि महिन्यांमागून महिने वाढत गेल्या, तर संशय घ्यायलाच हवा.

काहींचं आधी बोलणं बिघडतं. शब्द अडखळतात, वाक्य तुटतं. नाहीतर जन्मभर डवरणी केलेला माणूस “डवरा म्हणजे काय?” असं विचारतो. ते सोंग नसतं. त्या शब्दाचा अर्थच त्याच्यापाशी उरलेला नसतो.

मग दोष शोधला जातो. दारू, कुणाचा नाद, बाहेरचं. मांत्रिकाकडं पैसा जातो, वर्ष जातं. मला सर्वात जास्त वाईट वाटतं ते बायकोचं. “तूच नीट वागत नसशील” हे तिला सासर-माहेर दोन्हीकडून ऐकावं लागतं, आणि नवऱ्याला स्वतःत काही बदललंय हे कळतही नाही. आपल्या आजाराची जाणीव नसणं हाही या आजाराचाच भाग आहे. म्हणून त्याच्याशी वाद घालून, शपथा घालून काही साधत नाही.

डॉक्टरांकडं त्याला एकट्याला पाठवू नका. पाच मिनिटांच्या तपासणीत तो नाव, गाव, तारीख सगळं नीट सांगेल आणि परत येईल. सोबत जा आणि कधीपासून काय बदललं ते कागदावर लिहून न्या. तुमचं म्हणणं डॉक्टरांना वेगळं भेटून सांगा. नागपूरचं मेडिकल किंवा एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा, जिल्ह्याचं मेडिकल कॉलेज, जे जवळ पडेल तिथं मेंदूविकार किंवा मनोविकार विभागात दाखवा. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी आणि एमआरआय व्हायला हवा, कारण बी-१२ची कमतरता किंवा पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त यांनीही माणूस बदलतो आणि त्यांवर उपचार आहेत. या आजाराला मुळातून बरं करणारं औषध नाही. अल्झायमरच्या गोळ्या इथं सहसा उपयोगी पडत नाहीत, काहींचं वागणं त्यांनी आणखी बिघडतं. त्यामुळे शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नका.

आता जमिनीचं. घरं बुडतात ती इथं. तोल सुटलेला माणूस इसार घेऊन बसतो, कोऱ्या कागदावर सही करतो, कुणाच्याही कर्जाला जामीन राहतो. “आममुखत्यारपत्र करून ठेवलं, झालं” असं समजू नका. आपल्या कायद्यात देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्रही संपतं. म्हणून निदान होताच, त्याला समजतंय तोवर, वकिलाला गाठा. मृत्युपत्र करून ते नोंदवा आणि त्याच सुमारास तो समजून सही करतोय असा डॉक्टरांचा दाखला घ्या. बँकेत बायकोचं नाव जोडून खातं संयुक्त करा, नॉमिनी नोंदवा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, पुढं उपचार कसे व्हावेत आणि आपल्या वतीनं कोणी बोलावं, हेही त्याला आधीच लिहून ठेवता येतं. त्याला विचारा. घाईघाईत सारं वावर एका मुलाच्या नावावर चढवणं ही मोठी चूक आहे. त्यात आई उघड्यावर पडते.

घरात फवारणीचं औषध कुलपात ठेवा. आजार वाढला की काही रुग्ण खाण्याजोगं नसलेलंही तोंडात घालतात. मोटारसायकलची चावी, एटीएमचं कार्ड आणि मोटारपंपाचा स्टार्टर यांच्याकडं लक्ष असू द्या. सांभाळणाऱ्यालाही कुणाशी तरी बोलावं लागतं. त्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर विनाशुल्क आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि बदल महिन्यांत न होता दोन-चार दिवसांत झाला असेल, ताप असेल किंवा तोंड वाकडं झालं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून १०८ला फोन करा.