जर्मनीत स्वयंसेवक म्हणून गेल्यावर सरकारी कागद कसे उरकावेत

एफएसजे किंवा बीएफडी, म्हणजे वृद्धाश्रमात, बालवाडीत नाहीतर रुग्णालयात वर्षभराची स्वयंसेवा करायला जर्मनीत गेलात, की पहिला महिना कागदांच्या मागे पळण्यात जातो. कामं तशी अवघड नसतात. क्रम चुकला की मात्र एका कागदावाचून दुसरा अडतो.

१. आधी पत्रपेटीवर नाव लावा

हसू नका, सुरुवात इथूनच. तिकडच्या इमारतींत फ्लॅटला सहसा क्रमांक नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो. ते नसेल तर पत्र आल्या पावली परत. आणि सरकार, बँक, विमा सगळे अजून टपालावरच भिस्त ठेवून आहेत. मी राहायला गेले तेव्हा पेटीवर जुन्या भाडेकरणीचंच नाव होतं. माझा करक्रमांक परत गेला, मागोमाग बँकेचा पिनही. शेवटी चिकटपट्टीवर पेनाने आडनाव लिहून डकवलं आणि दोन्ही पत्रं पुन्हा मागवली. स्पेलिंग पासपोर्टात आहे तेच लिहा, घरगुती नाव नको.

२. दोन आठवड्यांत आनमेल्डुंग

म्हणजे पत्त्याची नोंद. मुदत राहायला गेल्यापासून दोन आठवडे, ठिकाण ब्यूर्गरआम्ट, म्हणजे नागरिकांच्या नोंदींचं सरकारी कार्यालय. सोबत पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घर देणाऱ्याच्या सहीचं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्ही तिथे राहायला आल्याचा दाखला. नाव तोंडात बसेपर्यंत वर्ष संपतं, पण २०१५ पासून हा कागद सक्तीचा आहे. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. खोली संस्थेने दिली असेल तर सही संस्थेकडून घ्या, तीही पहिल्याच दिवशी.

मोठ्या शहरांत टर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, लवकर मिळत नाही. मिळेल ती आधी घेऊन ठेवा, बुकिंगचा ईमेल जपा आणि रोज सकाळी साइट उघडून बघा. कुणीतरी रद्द केलेली वेळ हाती लागते. अर्जातला धर्माचा रकाना चर्च करासाठी असतो, त्यामुळे हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम असाल तर त्याचा विचार करत बसू नका. ख्रिस्ती असाल तर मात्र संस्थेला विचारून मगच भरा.

३. बँक, विमा, करक्रमांक

नोंद झाली की अकरा अंकी करक्रमांक काही आठवड्यांत आपोआप पोस्टाने येतो. तो जन्मभराचा असतो, हरवू नका. बँकेने खातं नाकारलं तर ‘बाझिसकोंटो’ मागा. कायदेशीर राहणाऱ्याला साधं खातं मिळण्याचा हक्क आहे. विम्याची कंपनी तुम्ही निवडायची, हप्ता संस्था भरते. कुठल्याही खिडकीवर नोकरीचा करार मागितला तर ‘फेराइनबारुंग’, म्हणजे स्वयंसेवेचा करार, पुढे करा. तुम्ही नोकरदार नाही, हे शांतपणे दोनदा सांगावं लागतं.

४. व्हिसा संपण्याआधी आउसलेंडरबेहोर्डे

हे परदेशी लोकांच्या निवास परवान्याचं कार्यालय. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. व्हिसावरची शेवटची तारीख बघा आणि ती सेवेच्या काळापेक्षा कमी असेल तर निदान दोन-अडीच महिने आधी निवास परवान्याचा अर्ज करा. टर्मिन मिळो न मिळो, तारखेच्या आत अर्ज पोचलाच पाहिजे, आणि पोचल्याचा पुरावा हातात हवा. फोटोसाठी छापील प्रती नेऊ नका. मे २०२५ पासून तिथे डिजिटल फोटोच लागतो.

परवान्याचं कार्ड येईपर्यंत मध्ये फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा तात्पुरता कागद मिळतो. त्यावर कुठल्या चौकटीत खूण आहे ते तिथेच उभ्या उभ्या वाचा. निवास कायद्याचं कलम ८१, परिच्छेद ४ असेल तर आधीचा परवाना चालू धरला जातो, प्रवास करून परतही येता येतं. परिच्छेद ३ असेल तर देशाबाहेर पाऊल टाकू नका, परतीचा दरवाजा बंद होतो. लग्नासाठी तिकीट काढून बसलेल्या एका मैत्रिणीला हे विमानतळावर जायच्या आदल्या दिवशी कळलं.

५. पिवळं पाकीट

सरकारी कार्यालयाचं महत्त्वाचं पत्र कधी कधी पिवळ्या पाकिटातून येतं. त्यावर पोस्टमनने हाताने पोचवल्याची तारीख लिहिलेली असते. उत्तराची मुदत त्या तारखेपासून धावते, तुम्ही पत्र उघडा किंवा न उघडा. म्हणून पाकीट फेकू नका, पत्रालाच टाचून ठेवा. निर्णयाविरुद्ध हरकत घ्यायला बहुतेक वेळा एक महिना मिळतो; नेमकी मुदत पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात असते. भाषांतराच्या अ‍ॅपने अंदाज येईल, पण उत्तर पाठवण्याआधी संस्थेच्या समन्वयकाला दाखवा. त्यांना अशा पत्रांची सवय असते.

६. रेडिओचं बिल

टीव्ही नाही, रेडिओ नाही, तरी रुंडफुंकबाइट्राग, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचं शुल्क, मागणारं पत्र येतंच. हे शुल्क घरामागे असतं, माणसामागे नाही. एकत्र राहत असाल आणि घरातला दुसरा कुणी भरत असेल तर त्याचा खातेक्रमांक कळवा, विषय मिटतो. गप्प बसलात तर थकबाकी चढत जाते.

७. परत निघताना

आबमेल्डुंग, म्हणजे नोंद रद्द करणं, निघण्याच्या एक आठवडा आधीपासून घर सोडल्यावर दोन आठवड्यांपर्यंत करता येतं. बँक आणि विमा दोघेही त्याची प्रत मागतात. शेवटची पत्रं तुम्ही गेल्यावरच येणार, तेव्हा तिथल्या एखाद्या भरवशाच्या माणसाच्या पत्त्यावर टपाल वळवा आणि त्याच्या पेटीवरही तुमचं आडनाव लावून ठेवायला सांगा.