डच वाक्य जुळवताना इंग्रजी नको, मराठीचा हात धरा

डच शिकताना आपण वाक्य आधी इंग्रजीत जुळवतो आणि मग त्याचं डच करायला जातो. मीही सुरुवातीला तेच करायचे आणि क्रियापद दर वेळी भलत्याच जागी पडायचं. डच शब्द इंग्रजीच्या जवळचे वाटतात खरे, पण वाक्याची ठेवण कितीतरी ठिकाणी मराठीसारखी आहे. त्यासाठी एकच वाक्य घ्या आणि तेच फिरवत राहा.

'मी उद्या ट्रेनने आमस्टरडामला जाते.' यातली शब्दांची रांग मोडू नका: आधी कधी, मग कसं, मग कुठे. फक्त 'जाते' उचलून दुसऱ्या जागी आणा. 'इक खा मोर्खन मेट दे ट्रेइन नार आमस्टरडाम.' (हा 'ख' घशातून, घासून काढायचा.)

आता सुरुवात 'उद्या'ने करा. दुसरी जागा क्रियापदाची, ती सोडायची नाही, म्हणून 'मी' मागे सरकतो: 'मोर्खन खा इक...' इथे पुष्कळ जण शब्द मोजतात आणि फसतात. 'फोल्खन्दे वेक', म्हणजे पुढच्या आठवड्यात, हे दोन शब्द असले तरी जागा एकच. त्यानंतर लगेच 'खा इक'.

यापुढची पायरी मला सगळ्यात आवडते. 'ओमदात' म्हणजे 'कारण'. तो आला की क्रियापद थेट शेवटी जातं: 'ओमदात इक मोर्खन मेट दे ट्रेइन नार आमस्टरडाम खा.' आता म्हणा, 'मी उद्या ट्रेनने आमस्टरडामला जाते म्हणून'. 'म्हणून' पुढे नेलंत की रांग तीच! इंग्रजीतून आलेल्याला हे घोकावं लागतं, आपल्या जिभेला ते लहानपणापासून ठाऊक आहे. 'दात' म्हणजे 'की' आणि 'आल्स' म्हणजे 'जर', यांनाही हाच नियम. 'वान्त'चा अर्थही 'कारण'च, पण त्यानंतर साधीच रचना: 'वान्त इक खा मोर्खन...' अडलात तर 'वान्त' वापरा, पण 'ओमदात'चा सराव सोडू नका.

क्रियापदं दोन असली की एक दुसऱ्या जागी, दुसरं शेवटी: 'इक हेब एन बुक खेलेझन', मी पुस्तक वाचलं आहे. 'दात' लागला की दोन्ही शेवटी: 'दात इक एन बुक खेलेझन हेब', अगदी 'वाचलं आहे' याच क्रमाने. 'हेब खेलेझन' हेही बरोबर. डचमध्ये पहिल्याला हिरवा क्रम म्हणतात, दुसऱ्याला लाल.

'ओपबेलन', म्हणजे फोन करणे, यासारखी क्रियापदं तुटतात. 'इक बेल ये मोर्खन ओप': ऐकताना शेवटच्या 'ओप'पर्यंत थांबा. 'ओमदात'नंतर ते पुन्हा जुळतं: 'ओमदात इक ये मोर्खन ओपबेल.'

सरावासाठी प्रत्येक घटकाची वेगळी चिठ्ठी करा, क्रियापदाची लाल शाईने. मी त्या ओट्यावर मांडायचे. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एकच वाक्य तीन तऱ्हांनी लावायचं, आणि प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायचं.