मोठे टायर टाकलेत? आता पुढचे दात मोजा

गाडीखाली मोठे टायर गेले की फोटो झकास येतो आणि पहिल्याच चढाला गाडीचा दम निघतो. चौथ्यात चढणारी तिसऱ्यात रडते, तिसऱ्यातली दुसऱ्यात. इलाज एकच, डिफरन्शलमधला (चाकांना जोर वाटून देणारा मधला गोळा) क्राउन-पिनियन, म्हणजे मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी, बदलून रेशो खाली आणायचा, म्हणजे त्याचा आकडा वाढवायचा. मी हे केलंय, चुकवलंय आणि त्या चुकीचे पैसे तोरणमाळच्या घाटात मोजलेत. म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय. सगळं सारख्या शांतपणे लिहिलं जाईल याची हमी नाही.

सुरुवात टायरपासून. टायरच्या कडेवर छापलेलं माप हिशोबात धरू नका. २३५/७५ आर १५ म्हणजे कागदावर २८.९ इंच आणि ३१ x १०.५ म्हणजे ३१ इंच, पण गाडीचं वजन पडलं की टायर दबतो आणि दबलेला टायर एका फेऱ्यात कमी जमीन कापतो. हवा नेहमीची भरा, टायरवर खडूने रेघ मारा, जमिनीवर तिच्याखाली दुसरी, गाडी सरळ ढकलत दहा फेरे पुढे न्या आणि टेप लावा. माझ्या जुन्या टायरचे दहा फेरे २२.४ मीटर भरले, नव्याचे २४ मीटर. म्हणजे नवा टायर सात टक्के लांब जातो, आणि इंजिनाला तेवढाच जड पडतो. जुन्या टायरचं माप तो काढायच्या आधी घ्यायचं असतं. मी काढल्यावर आठवून परत एक चाक चढवलं होतं. हसा.

गणित सोपं आहे. जुना रेशो गुणिले नवं माप भागिले जुनं माप. माझा जुना रेशो ४.८८ होता, म्हणजे क्राउनला ३९ दात, पिनियनला ८. त्याला २४ भागिले २२.४ ने गुणलं की ५.२२ येतात. पण ५.२२ चा सेट कोणी बनवून ठेवलेला नसतो. रेशो म्हणजे दातांना दातांनी भागणं, आणि बाजारात मिळतात त्या जोड्या ठरलेल्या: ४१ ला १० म्हणजे ४.१०, ४१ ला ९ म्हणजे ४.५६, ३९ ला ८ म्हणजे ४.८८, ४३ ला ८ म्हणजे ५.३८. यातले शेवटचे दोन तर जुन्या विलीस जीपच्या काळापासूनचे. महायुद्धातल्या एमबीला ४.८८ होता, सीजे-३बीला ५.३८. त्यामुळे जुन्या जीपवाल्यांना हे दोन्ही सेट कुठे ना कुठे सापडतात. आणि गोंधळ तिथेच होतो, त्यावर येतोच.

मधला आकडा आला तर वरचा घ्यायचा की खालचा? रोज जळगाव-धुळे रस्त्याने ऐंशीने जाणारा आणि पावसाळ्यात तापीकाठच्या काळ्या मातीत उतरणारा, दोघांना एकच उत्तर नाही. माझ्या गाडीचा टॉप गिअर एकास एक आहे. जुन्या टायरवर ऐंशीच्या वेगाला इंजिन साधारण २९०० फेरे घ्यायचं, मोठा टायर टाकल्यावर २७०० वर आलं, आणि ५.३८ ने ते २९८० च्या आसपास जातं. मूळच्यापेक्षा थोडं जास्त, पण शेतरस्ता, नदीपात्र, सातपुड्याचे चढ हेच काम असेल तर मी डोळे झाकून खोल, म्हणजे मोठ्या आकड्याचा, रेशो घेईन. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात अर्धा क्लच दाबून चढ चढवायचा तर इंजिन आधी तापतं आणि क्लचप्लेट नंतर जळते. फक्त हायवे असेल तर उथळ रेशो घ्या, किंवा खरं सांगायचं तर मोठे टायरच घेऊ नका. लो रेंजमध्ये गाडी किती हळू रांगेल तेही याच वेळी काढून ठेवा: पहिला गिअर गुणिले ट्रान्सफर केसचा (इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी) लो गुणिले अ‍ॅक्सलचा रेशो. माझ्याकडे २.८ गुणिले २.४६ गुणिले ५.३८, म्हणजे ३७. दगडातून उतरताना ब्रेकवरचा पाय काढता येतो तो या आकड्यामुळे.

आता मुद्द्याचं. फोर बाय फोर गाडीला अ‍ॅक्सल दोन असतात. पुढचा आणि मागचा. दोघांचा रेशो एकच हवा. हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही माहीत होतं. माहीत असणं आणि मोजणं यात फरक आहे.

मागचा सेट ५.३८ चा घेतला, बसवला. पुढचं काय, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘पुढे आधीपासून तोच आहे, या गाड्यांना पुढे तोच येतो.’ सांगणाऱ्याने अंदाजाने सांगितलं आणि मी मान हलवली. गाडी जुनी, माझ्याआधी तीन हात फिरलेली. पुढची हौसिंग, म्हणजे डिफरन्शलची पेटी, कोणी कधी बदलली, आत कुठला सेट घातला, कोण सांगणार? त्यानंतर दोन महिने गाडी मस्त पळाली, कारण हब लॉक (पुढची चाकं शाफ्टला जोडणारे खटके) सुटे, पुढचा अ‍ॅक्सल नुसता ओढला जात होता. पाऊस पडला, शेतात फोर बाय फोर टाकला, तिथेही काही कळलं नाही. चिखलात चाकं सरकतात आणि चूक पोटात घालतात.

मग तोरणमाळ. वरच्या कच्च्या तुकड्यासाठी फोर बाय फोर लावला, तिथून कोरड्या डांबरावर आलो. स्टेअरिंग जड झालं. गाडी मोकळी सुटेना, कोणी मागून धरल्यासारखी. लिव्हर मागे ओढला तर हलेना. मी दोन्ही हातांनी ओढला, अ‍ॅक्सिलरेटर दिला, आणि खालून खट्ट आवाज आला. पुढच्या प्रोपेलरचा, म्हणजे डिफरन्शल फिरवणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) दोन तुकडे. साक्रीकडचा एक पिकअपवाला थांबला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, ‘काय व्हयनं, भो?’ काय सांगणार?

काय झालं ते घरी येऊन मोजलं. मागे ५.३८, पुढे ४.८८. चाकाच्या एका फेऱ्याला मागचा प्रोपेलर पाच आणि तीन अष्टमांश वेळा फिरायला हवा, पुढचा अष्टमांश कमी पाच वेळा. फरक बरोबर अर्ध्या फेऱ्याचा. ट्रान्सफर केस मात्र दोघांना एकत्र बांधून एकाच वेगाने फिरवते. मागची चाकं शंभर मीटर चालतात तेव्हा पुढच्यांना एकशेदहा चालायचं असतं. ते दहा मीटर कोरड्या डांबरावर जायचे कुठे? क्रॉसमध्ये, शाफ्टमध्ये, ट्रान्सफरच्या गिअरमध्ये. माझा क्रॉस गेला, मी सुटलो. केस फुटली असती तर ही यादी लिहायला गाडीच राहिली नसती. (लिव्हर असा अडकला तर जोर लावू नका. गाडी चार-पाच मीटर सरळ रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो, लिव्हर आपोआप येतो. हेही मला नंतर कळलं.)

म्हणून पुढचे दात मोजा. हौसिंग न उघडताही मोजता येतात, पंधरा मिनिटांचं काम आहे. पुढचं एकच चाक जॅकवर घ्या, हब लॉक करा, फोर बाय फोर काढलेला हवा म्हणजे पुढचा प्रोपेलर मोकळा फिरतो. प्रोपेलरवर आणि हौसिंगवर खडूची खूण करा. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर किती फिरला ते दुसऱ्या माणसाला मोजायला लावा. दुसरं चाक जमिनीवर असल्यामुळे चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक, आणि प्रोपेलरचे फेरे म्हणजेच तुमचा रेशो. मागेही तसंच, गिअर न्यूट्रलला टाकून. मागचं चाक उचलताना बाकीच्या चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावाच. जुन्या जीपला हँडब्रेक मागच्या प्रोपेलरवर असतो. तो ओढला तर मोजता येत नाही आणि सोडला तर गाडी अंगावर येते. डिफरन्शलला लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा) बसवलेला असेल तर दोन्ही चाकं उचला आणि एकच फेरा मोजा.

हे सेट घ्यायच्या आधी करायचं. दुकानात सेट हातात आला की पुन्हा मोजायचं. क्राउनवर बोटाने दात मोजा, एका दातावर खूण करून. पिनियन तर आठ-नऊ दातांचं असतं, त्याला कसला कंटाळा? डब्यावर काय लिहिलंय, दुकानदार काय म्हणतो, पावतीवर काय आहे, ते सगळं ऐका आणि तरीही दात मोजा. चालतं ते एवढंच की एकीकडे ४.१० आणि दुसरीकडे ३७ ला ९, म्हणजे ४.११. तेवढा फरक टायर झिजण्यातही पडतो. त्याहून जास्त असेल तर सेट परत. पुढच्या अ‍ॅक्सलचा सेट बहुधा मागच्याला बसत नाही, दोन वेगळे घ्यावे लागतात आणि खर्च दुप्पट होतो. हा दुप्पट खर्च झेपत नसेल तर काम सुरू करू नका. ‘मागचा आत्ता, पुढचा दिवाळीला’ असं ठरवलं तर दिवाळीपर्यंत फोर बाय फोरचा लिव्हर तारेने बांधून ठेवा. गंमत करत नाहीये.

सेट घेताना अजून दोन गोष्टी. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घासून जुळवलेले असतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एकाचं क्राउन आणि दुसऱ्याचं पिनियन असली उधारी करू नका, ओरडत राहील. आणि रेशोत मोठी उडी असेल तर क्राउन ज्यावर बसतो तो करिअरच बदलावा लागू शकतो. जीपच्या डाना ४४ या डिफरन्शलमध्ये ३.७३ पर्यंत एक करिअर, ३.९२ पासून पुढे दुसरा. खोल रेशोचं पिनियन बारीक असतं हेही लक्षात ठेवा. चढ सोपा होतो, पण दातांची सहनशक्ती कमी होते.

बसवणारा हात महत्त्वाचा. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर रस्ते एकमेकांना छेदतात, ट्रकची वर्दळ मोठी, त्यामुळे डिफरन्शल उघडणारी माणसं तिथे सापडतात. पण ट्रकवर चालतं ते जीपवर चालेलच असं नाही. मिस्त्रीकडे डायल गेज, म्हणजे बारीक फट मोजायचं काट्याचं मापक, आहे का बघा. नसेल तर उठा. पिनियनच्या मागचे शिम (पातळ चकत्या) जुने तसेच लावले आणि ‘बसलं बरोबर’ म्हणाला तरी उठा. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, सहसा ०.१५ ते ०.२५ मिलीमीटरमध्ये हवा, गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तेच धरा. दातांना रंग लावून फिरवल्यावर उमटलेली खूण दाताच्या मध्यावर हवी, टोकाला किंवा बुडाला नाही. त्या खुणेचा फोटो मागा. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही. पुढचा फोटो घेताना आयते दातही मोजता येतात, सांगून ठेवतो. बेअरिंग आणि ऑइल सील नवे, यावर घासाघीस करू नका.

ऑइल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. लिमिटेड स्लिप प्रकारचं डिफरन्शल असेल तर त्याचं अ‍ॅडिटिव्ह वेगळं. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर सावकाश, मग गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची, असं दोन-तीनदा. पहिले आठशे किलोमीटर ट्रॉली ओढायची नाही, दाबायची नाही, मग ऑइल बदला. नवीन सेट जळतो तो बहुतेक याच दिवसांत.

स्पीडोमीटरचा काटा आता ८० दाखवतो तेव्हा गाडी ७८ ने असते, चालतं. एबीएसवाल्या नव्या गाड्यांचं वेगळं, कंपनीला विचारा. ब्रेकला लांब अंतर लागतं. स्टेअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का बघा. आरटीओ आणि विमा आधी बघून घ्या, नोंदणीतल्या गाडीत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जॅक नव्या उंचीला पुरतो का तेही.

आणि स्टेपनी. पाचवा टायर त्याच मापाचा हवा, मागच्या दारावर बसतो का ते घेण्याआधी बघा. माझा बसत नाही. ओसरीत पडलाय, मांजर झोपतं त्यात.